लहान घरासाठी मांडीमेज: एक फळी, दोन उशा आणि मधली मोकळी हवा

दिवाण, कपाट, अभ्यासाची पुस्तके आणि कूलर एवढ्या वस्तू लावल्यावर १० बाय १२ फुटांच्या खोलीत टेबल-खुर्चीसाठी जागा उरत नाही. नागपुरात मानेवाडा, नंदनवन, हुडकेश्वर या भागांत अशा खोल्यांत राहून शिकणारी मुले आणि घरूनच काम करणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बरेच जण दिवाणावर मांडी घालून, मांडीवर उशी व उशीवर लॅपटॉप ठेवून बसतात. बैठक म्हणून यात नवे काही नाही. जुन्या पेढ्यांवर गादीवर बसणारे मुनीम उतरत्या झाकणाच्या लाकडी पेटीवर खातेवही ठेवूनच दिवसभर लिहीत असत. त्या पेटीमुळे वही कोपराच्या उंचीजवळ येत असे आणि उतारामुळे मान थोडी कमी वाकत असे. घरी बनवायच्या मांडीमेजाने, म्हणजे ज्याला बाजारात लॅप डेस्क म्हणतात त्याने, हीच दोन कामे करायची आहेत. लॅपटॉपमुळे त्यांत तिसऱ्या कामाची भर पडली आहे, ते म्हणजे उष्णता वाहून जाऊ देणे.

हे तिसरे काम आपल्या शहरात विशेष महत्त्वाचे आहे. लॅपटॉप सपाट, कठीण पृष्ठभागावर ठेवला की त्याचे रबरी पाय त्याला काही मिलिमीटर उचलून धरतात, आणि त्या फटीतून अनेक लॅपटॉपचा पंखा खालून हवा आत ओढतो. उशीवर किंवा गोधडीवर ठेवताच ही फट कापडात बुजते. अनेक उत्पादक आपले लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावेत असे सांगतात. नवतप्याच्या, म्हणजे मे-अखेरीच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत बाहेर पारा ४५ अंशांपलीकडे असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीतली हवाच या मर्यादेच्या वर असते. अशा वेळी पंख्याचा मार्गही बंद केला तर यंत्र स्वतःचा वेग कमी करते आणि बॅटरीचे आयुष्यही घटते. शिवाय तापलेला लॅपटॉप रोज तासन्‌तास उघड्या किंवा पातळ कपड्यातल्या मांडीवर ठेवल्यास त्वचेवर जाळीदार, तपकिरी-लालसर डाग पडतात, हे डॉक्टरांनी नोंदवलेले आहे.

मी पहिले मांडीमेज बनवले तेव्हा सगळे लक्ष फळीवर दिले होते. फळीला नीट भोके पाडली, छान पॉलिश केले आणि खाली फळीच्याच आकाराची, थर्माकोलच्या मण्यांनी भरलेली एक मोठी उशी चिकटवली. संध्याकाळपर्यंत लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागे, आणि कारण शोधण्यासाठी मेज उलटे केल्यावर लक्षात आले की प्रत्येक भोकाच्या खाली उशीचे कापडच होते. भोके होती, पण हवेला जायला वाट नव्हती. म्हणून या लेखातील मेजाखाली एका उशीऐवजी दोन वेगळ्या उशा आहेत, आणि त्यांच्यामध्ये पुढून मागपर्यंत आरपार मोकळा बोगदा आहे. बाकी मापे आपापल्या सोयीने बदलली तरी चालतील, पण हा बोगदा टाळू नये.

आधी शरीराची मापे

फळी विकत घेण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत. पहिले माप उंचीचे. ज्या जागी रोज बसणार त्याच जागी पाठ टेकवून मांडी घालून बसावे, खांदे सैल सोडून हात कोपरातून काटकोनात वाकवावेत, आणि घरातल्या कोणाला तरी कोपराच्या खालच्या बाजूपासून मांडीच्या वरच्या बाजूपर्यंतचे उभे अंतर मोजायला सांगावे. स्वतः मोजायला गेल्यास खांदा आपोआप खाली-वर होतो आणि माप चुकते. माझ्या बाबतीत हे अंतर ९ सेंटिमीटर भरले. त्यातून लॅपटॉपची सुमारे २ सेंटिमीटर जाडी आणि फळीची ९ मिलिमीटर जाडी वजा केली की उशीसाठी साधारण ६ सेंटिमीटर उरतात. उशीची सरासरी उंची एवढीच ठेवायची आहे. उशी यापेक्षा उंच झाली तर टंकलेखन करताना खांदे वर उचलले जातात आणि तासाभरात मानेच्या मुळाशी दुखू लागते. बाजारातल्या तयार मेजांपैकी अनेकांत मला हाच दोष जाणवला, कारण ती कोणाच्या तरी सरासरी मापाने बनवलेली असतात.

दुसरे माप मांडी घातल्यावर एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंतच्या अंतराचे, आणि तिसरे लॅपटॉपचे. १५.६ इंची पडद्याचा लॅपटॉप सर्वसाधारणपणे ३६ सेंटिमीटर रुंद आणि २४ ते २५ सेंटिमीटर खोल असतो. तो फळीच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना १०-१० सेंटिमीटर सोडले की फळीची रुंदी ५६ सेंटिमीटर होते. पुढे मनगट टेकायला जागा हवी, म्हणून खोली ३६ सेंटिमीटर धरावी. माऊस वापरणाऱ्यांना उजवीकडे आणखी १० सेंटिमीटर लागतील. तरीही माझा सल्ला असा की लॅपटॉप डावीकडे सरकवून माऊससाठी जागा करू नये, कारण मग दिवसभर कंबर डावीकडे वळलेली राहते. त्यापेक्षा दिवाणावरच बाजूला परीक्षेचे पॅड ठेवून त्यावर माऊस चालवावा.

मापे कागदावर उतरवल्यावर जाड पुठ्ठ्याचा त्याच आकाराचा तुकडा कापावा, खाली चादरीच्या दोन घड्या ठेवाव्यात आणि दोन दिवस त्यावर खरोखरच काम करावे. या वेळेचा उपयोग फार होतो. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत मेज बसते का, पंख्याची हवा तोंडावर घेऊन बसायचे तर चार्जरची वायर कोणत्या बाजूला येते, पोटाशी कड रुतते का, हे सगळे पुठ्ठ्यावर कळते आणि पुठ्ठा पुन्हा कापायला काही खर्च नाही.

फळीची निवड

लकडगंजातल्या प्लायवूडच्या दुकानात पूर्ण पत्रा ८ बाय ४ फुटांचा मिळतो, आणि एवढ्या लहान कामासाठी तो घेण्याचे कारण नाही. फर्निचरचे काम चालू असलेल्या ठिकाणी किंवा दुकानाच्याच मागच्या बाजूला कापून उरलेले तुकडे असतात. 'कटपीस आहे का' असे विचारावे. दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा आपल्याला पुरतो. सुतार आणि दुकानदार अजूनही फूट, इंच आणि सूत या मापांत बोलतात, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे लक्षात ठेवल्यास बोलणे सोपे जाते. आपली फळी सुतारी भाषेत २२ बाय १४ इंचांच्या आसपास येते.

जाडी ९ मिलिमीटर घ्यावी. ५६ बाय ३६ सेंटिमीटरची ९ मिलिमीटर जाडीची प्लायवूड फळी सुमारे १.२ किलो भरते. ६ मिलिमीटरची ८०० ग्रॅमच्या आसपास असते, पण तिच्या कडेला कोपराचा भार पडला की ती लवते. १२ मिलिमीटरची १.६ किलोच्या पुढे जाते, आणि कपाटांसाठी वापरतात ती १९ मिलिमीटरची अडीच किलोची होते. लॅपटॉपचे दीड-दोन किलो त्यावर आणखी येणार आहेत आणि हा सगळा भार मांडीवर तासभर राहणार आहे, तेव्हा फळीत वाचवलेला प्रत्येक ग्रॅम उपयोगी पडतो. विदर्भ सागवानाचा प्रदेश असल्यामुळे घरात जुन्या कपाटाचा किंवा खिडकीचा सागवानी पल्ला पडून असतो आणि तोच वापरावा असे वाटते; तो सुंदर दिसेल यात शंका नाही, पण जाड असल्यास जड होतो, आणि रंधा मारून पातळ केलेली रुंद, अखंड फळी कूलरच्या दिवसांत व पावसाळ्यात वाकण्याची शक्यता असते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते या बदलात अधिक स्थिर राहते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली फळी, मात्र घेऊ नये. ते गुळगुळीत असते आणि सहज कापले जाते, पण एकदा कडेने पाणी प्याले की फुगते आणि पुन्हा मूळ जाडीवर येत नाही. कूलरसमोर बसणाऱ्याच्या घरी ते टिकत नाही.

प्लायवूडमध्ये 'कमर्शियल' म्हणून मिळणारे ओलावा काही प्रमाणात सहन करणारे असते आणि त्याचे भारतीय मानक आयएस ३०३ आहे, तर आयएस ७१० चा शिक्का असलेले उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरणारे असते. तुकडा मिळाला तर दुसरे घ्यावे, पण सर्व कडा नीट बंद करणार असाल तर पहिलेही पुरेसे आहे. तुकडा डोळ्यांसमोर आडवा धरून कडेने पाहावा म्हणजे वाक दिसतो. बोटाच्या गाठीने सगळीकडे ठोकून पाहावे. मध्येच आवाज पोकळ झाला तर आत थरांमध्ये फट आहे असे समजावे आणि तो तुकडा परत ठेवावा.

आखणी, कापणी आणि भोके

फळीवर चांगली दिसणारी बाजू कोणती ते ठरवून तिच्या उलट बाजूवर आखणी करावी. जिगसॉचे, म्हणजे खाली-वर चालणाऱ्या बारीक पात्याच्या विजेच्या करवतीचे, नेहमीचे पाते वर येताना कापते, त्यामुळे चिरफळ्या वरच्या बाजूला निघतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवूनच कापायचे असते. हातकरवत वापरत असाल तर उलट, तिचे दात खाली जाताना कापतात, म्हणून आखणी चांगल्या बाजूवर करून तीच वर ठेवावी. दोन्ही वेळा रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावरून कापल्यास कड स्वच्छ येते. ज्यांच्याकडे हत्यारे नाहीत त्यांनी आखलेली फळी ओळखीच्या सुताराकडे न्यावी. त्याच्यासाठी हे दहा मिनिटांचे काम आहे, आणि आखणी आपली असल्याने चूक होण्याची शक्यता कमी.

पोटाकडच्या कडेला आत वळलेली कमान द्यावी. सरळ कड असली की माणूस नकळत मेजापासून मागे सरकतो आणि मग हात पुढे ताणावे लागतात. ३० सेंटिमीटर रुंद आणि मधोमध ४ सेंटिमीटर खोल अशी कमान पुरेशी होते, आणि ती काढायला परकार लागत नाही. फळी जमिनीवर किंवा मोठ्या पुठ्ठ्यावर ठेवावी, तिची मध्यरेषा पुढच्या कडेबाहेर वाढवावी, कडेपासून २६ सेंटिमीटर बाहेर त्या रेषेवर एक खिळा धरावा आणि त्याला ३० सेंटिमीटर लांबीची, न ताणणारी दोरी बांधून दुसऱ्या टोकाच्या पेन्सिलीने चाप ओढावा. तो फळीच्या पुढच्या कडेला मध्यापासून बरोबर १५-१५ सेंटिमीटरवर छेदतो. चारही कोपरे लहान वाटी ठेवून गोल आखावेत, कारण अरुंद खोलीत टोकदार कोपरा कोणाच्या तरी गुडघ्याला लागतोच.

आता भोकांचा प्रश्न. लॅपटॉप उलटा करून त्याच्या हवेच्या जाळ्या कोठे आहेत ते पाहावे, त्या जागा कागदावर काढाव्यात आणि तो कागद फळीच्या मधल्या भागावर ठेवून खुणा कराव्यात. सर्वसाधारणपणे २५ मिलिमीटर व्यासाची १२ भोके, चार-चारच्या तीन ओळींत, मध्यापासून मध्यापर्यंत साडेचार सेंटिमीटर अंतर ठेवून पाडली की ती १६ सेंटिमीटर रुंदीत मावतात आणि उशांच्या मधल्या १८ सेंटिमीटरच्या बोगद्यावर येतात. भोक पाडताना फळीखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरावा, नाहीतर ड्रिल खाली निघताना शेवटचा थर फाडून टाकते. याच मेजावर हाताने लिहिणारा विद्यार्थी घरात असेल तर भोके त्रासदायक ठरतात, कारण वहीच्या पातळ पानाखाली पेनाचे टोक खचते. अशा घरी भोके पाडूच नयेत. त्याऐवजी १ सेंटिमीटर उंचीच्या दोन लाकडी पट्ट्या पुढून मागे अशा ठेवून त्यांवर लॅपटॉप ठेवावा, आणि लिहिताना त्या काढून घ्याव्यात. खालच्या जाळ्यांना हवा मिळण्याच्या दृष्टीने हा उपायही चांगला आहे, आणि मोकळेपणाने सांगायचे तर घरात एकच मेज दोघांत वापरायचे असल्यास मी हाच निवडेन. पट्ट्यांमुळे उंची १ सेंटिमीटरने वाढते, तेवढी उशीतून कमी करावी.

घासणे आणि कडा बंद करणे

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून १२०, १८० आणि शेवटी २२० असे जावे. पेपर नुसत्या हातात न धरता लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावा. पोटाकडच्या कमानीवर आणि मनगट टेकते त्या पुढच्या कडेवर विशेष वेळ द्यावा. ही कड पेन्सिलीइतकी गोलसर झाली पाहिजे. बोटांना जे खुपत नाही ते मनगटाच्या आतल्या नाजूक बाजूला खुपते, म्हणून तपासणी मनगट फिरवूनच करावी. प्लायवूडच्या कडेला दिसणाऱ्या फटी फेविकॉलमध्ये घासण्यातून निघालेला बारीक भुसा कालवून भराव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात आणि पुन्हा घासाव्यात.

फळी बंद करायला पाण्यात मिसळणारे, लाकडासाठीचे पारदर्शक पॉलिश घरात वापरायला सोयीचे असते, कारण बंद खोलीत त्याचा वास फार राहत नाही. तीन पातळ हात द्यावेत, दर दोन हातांमध्ये ते पूर्ण वाळल्यावर २२० नंबरचा पेपर हलकेच फिरवावा. खालची बाजू दिसत नाही म्हणून ती कोरी सोडू नये. एकच बाजू बंद केली की कूलरची दमट हवा दुसरी बाजू शोषून घेते आणि फळी त्यामुळे वाकते. कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती यांना एक हात जास्त द्यावा, कारण पाणी तेथूनच शिरते. मे महिन्यात हे काम दुपारी करू नये. पॉलिश ब्रश फिरेपर्यंतच वाळू लागते आणि ओरखडे तसेच राहतात. सकाळी लवकर, सावलीत, कूलर बंद ठेवून काम केल्यास पृष्ठभाग एकसारखा येतो.

काही जण जवसाचे तेल लावणे पसंत करतात, आणि ते लाकडाचा रंग खरोखर खुलवते. स्वयंपाकाचे कच्चे जवस तेल वाळायला कित्येक दिवस लागतात, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, लाकडासाठी तयार केलेले तेल घ्यावे. मात्र एक धोका गंभीरपणे लक्षात ठेवावा: या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आतून तापतात आणि बाहेरून कोणतीही ठिणगी न लागता पेट घेऊ शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर ही जोखीम घेऊच नये. चिंध्या काम संपताच पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होऊ द्याव्यात.

दोन उशा

मांडीमेज आरामदायक होईल की नाही ते येथे ठरते, म्हणून या भागाला घाई करू नये. प्रत्येक उशी ३२ सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद, मागच्या टोकाला ८ आणि पोटाकडच्या टोकाला ४ सेंटिमीटर उंच अशी उतरती असेल. सरासरी उंची ६ सेंटिमीटर होते, जी आपण सुरुवातीला काढली होती, आणि फळीला सुमारे ७ अंशांचा उतार मिळतो. एवढ्या उतारावर लॅपटॉपचे रबरी पाय पकड सोडत नाहीत. यापेक्षा तीव्र उतार वाचनाला बरा, पण टंकलेखनात मनगट मागे मोडते. आपले माप वेगळे आले असेल तर दोन्ही टोकांच्या उंचीत सारखीच वाढ किंवा घट करावी, म्हणजे उतार तोच राहतो.

आतल्या पिशवीसाठी मांजरपाट घ्यावे; गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानांत ते सहज मिळते, आणि वरच्या अभ्र्यासाठी जाड सुती किंवा खादीचे कापड तेथेच पाहता येते. कोरे मांजरपाट पहिल्या धुण्यात आटते, तेव्हा ते कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. एका उशीसाठी तीनच तुकडे लागतात. दोन बाजूंसाठी ३२ सेंटिमीटर लांब आणि टोकांना ८ व ४ सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे आखावेत व भोवती सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर शिलाईसाठी सोडून कापावेत. तिसरा तुकडा म्हणजे या बाजूंना सगळीकडून वेढणारी पट्टी, १८ सेंटिमीटर रुंद आणि ७९ सेंटिमीटर लांब. पट्टीचे एक टोक मागच्या उंच बाजूच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू करून तळ, पुढची ठेंगणी बाजू आणि वरचा उतार अशी फिरवत आणली की ती सुरुवातीच्या टोकाला येऊन मिळते. चारही कोपऱ्यांवर पट्टीच्या शिलाईच्या भागात लहान चीर दिल्यास वळण नीट बसते. मशीन नसेल तर हाताने बारीक बखिया घालावी. नुसता धावदोरा भरावाच्या ताणाने उसवतो. मागच्या उंच बाजूला १० सेंटिमीटरचे तोंड उघडे ठेवावे आणि पिशवी उलटवून घ्यावी.

भरावासाठी कापूस हाच माझ्या मते आपल्याकडचा योग्य पर्याय आहे, आणि कापसाच्या प्रदेशात राहून मण्यांच्या मागे लागण्याचे कारण मला दिसत नाही. थर्माकोलचे मणी हलके असतात आणि मांडीचा आकार घेतात हे खरे, पण ते उष्णता धरून ठेवतात, काही महिन्यांत दबून त्यांचा आकार घटतो, आणि शिवण उसवली तर खोलीभर पसरून लहान मुलांच्या नाकातोंडात जाण्याची भीती असते. फोमचे तुकडे घामाच्या दिवसांत त्रास देतात. सावरीचा कापूस उशीला उत्तम, पण लॅपटॉपच्या भाराखाली तो लवकर बसतो. घरात जुनी गादी असेल तर तिच्यातला कापूस गादीवाल्याकडून पुन्हा पिंजून घ्यावा. एकदा वापरलेला आणि पुन्हा पिंजलेला कापूस या कामाला तर नव्यापेक्षाही स्थिर राहतो, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक उशीत साधारण २०० ते २५० ग्रॅम मावतो.

कापूस मोठे गोळे करून कोंबू नये, कारण ते गोळे आत तसेच राहतात आणि मांडीला वेगवेगळे जाणवतात. तळहाताएवढे पापुद्रे करून ते एकावर एक पसरवत, आधी चार कोपरे आणि मग मधला भाग, असे भरावे. लाकडी लाटण्याच्या टोकाने कोपऱ्यांपर्यंत पोहोचता येते. अंगठ्याने दाबल्यावर उशी सुमारे १ सेंटिमीटरच दबली पाहिजे. त्यानंतर गादीला घालतात तसे दोन आरपार टाके, लांब सुईने आणि जाड दोऱ्याने, उशीच्या लांबीत समान अंतरावर घालावेत. त्याने वरचा फुगवटा सपाट होतो आणि कापूस एका टोकाला सरकत नाही. तोंड साध्या धावदोऱ्याने बंद करावे, कारण पहिल्या महिन्याभरात कापूस बसेल आणि तेव्हा हा दोरा ओढून मूठभर कापूस आणखी भरावा लागेल. अभ्रा त्याच तीन तुकड्यांच्या पद्धतीने, सगळीकडून अर्धा सेंटिमीटर मोठा शिवावा आणि मागच्या बाजूला चेन लावावी.

जोडणी

उशा फळीला कायमच्या चिकटवू नयेत. त्या काढता आल्या तर अभ्रे धुता येतात, उशांना ऊन दाखवता येते आणि फळी पातळ होऊन कोठेही सरकवता येते. २५ मिलिमीटर रुंदीचा वेल्क्रो यासाठी योग्य आहे. फळीच्या खालच्या बाजूला मागच्या कडेपासून ६ सेंटिमीटरवर एक अखंड पट्टी डावीकडून उजवीकडे लावावी. भोके आड येत असतील तेथे ती तोडावी, झाकू देऊ नये. पुढच्या कडेपासून ८ सेंटिमीटरवर दुसरी लावावी, म्हणजे ती कमानीच्या बाहेर सुरक्षित राहते. फळीवर मऊ बाजू आणि अभ्र्यावर खरखरीत बाजू असावी, कारण फळी उशांशिवाय भिंतीला टांगल्यावर खरखरीत पट्टी जाता-येता ओढणी आणि टॉवेल पकडते. अभ्र्यावरची पट्टी शिवूनच घ्यावी.

फळीवरच्या पट्टीसाठी मागे गोंद असलेला तयार वेल्क्रो घेतला तर उन्हाळ्यात तो गोंद मऊ पडून पट्टी सरकते. साधा वेल्क्रो घेऊन रबराच्या गोंदाने चिकटवावा. हा गोंद फळीवर आणि पट्टीवर, दोन्हीकडे पातळ लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावे आणि मगच जोर देऊन दाबावे. ओला असताना जोडल्यास पकड येत नाही. त्याची वाफ ज्वलनशील असते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि एकाच खोलीत स्वयंपाक होत असेल तर शेगडी बंद असल्याची खात्री करावी. पट्टीच्या टोकांना लहान चुका मारायच्या असतील तर त्या ६ मिलिमीटरच्याच घ्याव्यात, नाहीतर त्यांची टोके ९ मिलिमीटरच्या फळीतून वर येऊन लॅपटॉपला खरवडतील.

मांडी घालून बसताना उशा फळीच्या बाहेरच्या कडांपासून ४-४ सेंटिमीटर आत लावाव्यात. मध्ये १८ सेंटिमीटरचा बोगदा उरतो. रात्री दिवाणावर पाय लांब करून बसायचे असेल तर मांड्या जवळ येतात, तेव्हा उशा आत सरकवून मधले अंतर १० सेंटिमीटर करावे. पट्टी अखंड लावण्याचे कारण हेच. बाजूची भोके तेव्हा झाकली जातात, पण मधल्या दोन रांगा उघड्या राहतात.

वापर आणि ठेवण

पहिल्या दिवशी लॅपटॉप ठेवण्याआधी तेवढ्याच वजनाची पुस्तके ठेवून दहा मिनिटे बसून पाहावे. फळी एका बाजूला झुकत असेल तर त्या बाजूची उशी कमी भरली गेली आहे. काम करताना पाठीमागे तक्क्या किंवा घट्ट लोड हवा, आणि अनेक लॅपटॉप गरम हवा बिजागरीच्या बाजूने बाहेर टाकतात, म्हणून मागच्या कडेला पांघरूण किंवा उशी चिकटू देऊ नये. कूलरची हवा बोगद्यातून जाईल असे बसता आले तर मांड्यांनाही गारवा मिळतो, पण कूलरपासून एवढे दूर बसावे की पाण्याचे तुषार लॅपटॉपवर येणार नाहीत. हे मेज कितीही चांगले झाले तरी लॅपटॉपचा पडदा डोळ्यांच्या खालीच राहतो, तेव्हा अर्ध्या-पाऊण तासाने उठून मान मोकळी करणे आवश्यक आहे. परीक्षेच्या तयारीसाठी सलग आठ-आठ तास बसणाऱ्यांनी वाचनाची पुस्तके भिंतीला टेकवून, डोळ्यांसमोर ठेवून वाचावीत आणि मेज लिहिण्यापुरते वापरावे.

टांगण्यासाठी वेगळे भोक पाडायची गरज नाही. भोकांची फळी असेल तर मागच्या रांगेतल्या एका भोकातून सुती दोरीचा फास ओवावा आणि दाराच्या मागच्या खुंटीला अडकवावा. बिनभोकांची फळी कपाट आणि भिंतीमधल्या दोन बोटांच्या फटीत उभी राहते. उशा दिवसा दिवाणावर इतर उशांबरोबर ठेवता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये कापूस दमट हवा शोषतो आणि त्याला वास येऊ लागतो, म्हणून उघाड पडेल त्या दिवशी अभ्रे काढून उशा गच्चीवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून, उन्हात ठेवाव्यात आणि पूर्ण निवल्यावरच पुन्हा अभ्रे चढवावेत.